मास्तरांचा दुसरा ब्रेक

आज संध्याकाळी माझ्या मुलीने शिकाऊ गाडी फळांच्या टेम्पोपासून चार बोटांवर नेऊन थांबवली आणि दादाने ब्रेक दाबला नाही.

झालं ते एवढंच. कोणाला लागलं नाही, कुठे पोचा पडला नाही. टेम्पोवाल्याने खाली उतरून आमच्या घराण्याचा थोडा उद्धार केला, मुलगी "सॉरी, सॉरी" म्हणाली आणि गाडी पुढे गेली. मी मागच्या सीटवर होते. तेव्हापासून दादाचा तो पाय माझ्या डोक्यातून जात नाही. जेवताना गेला नाही, भांडी घासताना गेला नाही, आणि आता सगळं घर झोपलंय तरी गेलेला नाही.

दादाला न ओळखणाऱ्याला यात काळजीचं काय आहे ते कळायचं नाही. म्हणून आधी दादा सांगते.

माझा हा थोरला भाऊ एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतोय. त्याची शिकवणीची गाडी एकच, कचेरी एकच, आणि कचेरीच्या मागच्या खोलीत राहणारा तोही एकटाच. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर सांगतो, "दिवसभर शेजारी बसून 'हळू, हळू' म्हणतो. घरी येऊन पुन्हा तेच कोण म्हणणार?" शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. एकतीस वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे तो पाय आता दादाचा राहिलेला नाही, स्वतंत्र झालाय. आमच्याकडे टीव्ही बघताना पडद्यावर कोणी धावलं तरी पाय दाबला जातो. न्हाव्याने वस्तरा जरा भरभर फिरवला की पाय दाबला जातो. न्हावी म्हणतो, "मास्तर, गाडी मी चालवतोय, तुम्ही गप बसा." आमच्या बाहेरच्या खोलीतल्या सतरंजीला एकाच ठिकाणी भोक आहे. पाहुणे विचारतात, उंदीर का? मी सांगते, नाही, मामा.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याला माणसांची नावं आठवत नाहीत, चुका आठवतात. "नाव गाडी चालवतं का?" असं त्याचं म्हणणं. त्यामुळे अर्ध्या गावाला त्याने आपली नावं ठेवलीत. बँकेचे साहेब म्हणजे 'उजवं-डावं'. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणजे 'हॉर्न'. भर बाजारात हा हाक मारतो, "काय हॉर्न, तब्येत काय म्हणते?" आणि ज्यांच्यासमोर तीन पिढ्या चळाचळा कापल्या त्या बाई मान खाली घालून म्हणतात, "बरी आहे, मास्तर." माझी मुलगी सध्या 'आरसा' आहे. मागची गाडी बघायच्या आरशात ती केस बघते.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्याची वचनं. ती कचेरीच्या भिंतीवर लिहिलेली नाहीत, पण प्रत्येक शिकाऊ माणसाला झोपेत विचारली तरी येतात. पहिलं असं, की डॅशबोर्डवर लाल दिवा लागला की 'घरापर्यंत जाईल' म्हणायचं नाही. तसं म्हणणाऱ्यांची गाडी घरी जाते, पण दोरीने ओढत. दुसरं असं, की काटा खोटं बोलतोय म्हणणारा ड्रायव्हर स्वतः खोटं बोलत असतो.

एवढं शिकवणाऱ्या माणसाने स्वतःचा लाल दिवा चार महिने बघून न बघितल्यासारखं केलं. संडासला रक्त जात होतं. "बसून बसून मूळव्याध झालीय, धंद्याचा रोग आहे," असं त्याने स्वतःच स्वतःला सांगितलं आणि स्वतःच मान्य केलं. शेवटी जिना चढताना धापा टाकायला लागला, चेहरा चुन्यासारखा दिसायला लागला, तेव्हा मी त्याला जवळजवळ कॉलर धरून तपासणीला नेलं. आतड्याचा कॅन्सर निघाला. लवकर ऑपरेशन करायला हवं, म्हणून आम्हाला मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंकडे पाठवलं. दार उघडून आम्ही आत गेलो आणि दादा दारातच थबकला.

"चढबंद!" तो म्हणाला.

"मास्तर!" म्हणत बाई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या.

या बाई डॉक्टरकी शिकत असताना दादाकडे गाडी शिकत होत्या. चढावर त्यांची गाडी दर वेळी बंद पडायची. तीनदा परीक्षा दिली, तीनदा नापास झाल्या, चौथ्यांदा आल्याच नाहीत. पुढे मोठ्या सर्जन झाल्या हे गावाला माहीत होतं. पण दादाने त्यांना चढबंद म्हणून लक्षात ठेवलेलं. त्यांचं खरं नाव त्याच्या कानावरून शंभर वेळा गेलं असेल, पण ही तीच, हे त्याला कुठून कळणार?

बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. ऑपरेशनची तारीखही दिली. दादाने मान डोलावली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणाला, "हिच्याकडून नाही."

"का?"

"तीनदा नापास."

"अरे, गाडीत!"

"माणूस गाडीतच कळतो. जिला गाडी चढावर धरून ठेवता येत नाही, ती मला टेबलावर काय धरून ठेवणार?"

मी पदवीपर्यंत तर्कशास्त्र शिकले आहे, पण त्यात हा प्रकार नव्हता. आणि दादा नुसता नकार देऊन थांबला असता तर बरं झालं असतं. त्याने दुसरा माणूसही शोधला. एकतीस वर्षांतला त्याचा सगळ्यात उत्तम विद्यार्थी, 'लोणी'. पहिल्याच दिवशी याने क्लच असा सोडला म्हणे, की पोटातलं पाणी हललं नाही. हा लोणी आता शरीरशुद्धीचं केंद्र चालवतो आणि हिरवी पूड विकतो. तो दादाला म्हणाला, "मास्तर, चाकू लागला की ते पसरतं. आधी तीन महिने आतून साफ होऊ द्या, गाठ आपोआप विरघळेल."

"काय बोलतो!" दादा मला सांगत होता. "आवाज चढत नाही, घाई नाही. त्याच्याजवळ बसलं की पोटातलं पाणी हलत नाही."

"पोटात पाणी नाहीये दादा, गाठ आहे!"

"तू हॉर्न वाजवू नकोस."

तो सतरा दिवस सकाळ-संध्याकाळ हिरवी पूड घेत राहिला. जिभेपासून दाढीपर्यंत हिरवा झाला. ऑपरेशनची तारीख येऊन गेली. मी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, मुलीला पुढे करून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी अठराव्या दिवशी मी एकटीच वर डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. लाज गुंडाळून ठेवली आणि चढ, नापास, लोणी, पूड, सगळं सांगून टाकलं. बाई आधी हसल्या. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग चष्मा लावून म्हणाल्या, "तीन आठवडे गेले. हे भरून निघेल. तीन महिने गेले तर नाही निघणार. मास्तर आत्ता कुठे आहेत?"

"खाली तळघरात, गाडीत बसलेत. मला सोडायला आले. वर यायला तयार नाहीत."

"चला," बाई म्हणाल्या आणि पांढऱ्या कोटासकट निघाल्या.

हॉस्पिटलच्या तळघरातून गाडी रस्त्यावर काढायला असा चढ आहे, की बघूनच चक्कर यावी. बाईंनी दादाच्या काचेवर टकटक केलं. "मास्तर, सरका. तुमच्या जागेवर बसा. माझी चौथी परीक्षा राहिलीय."

दादाला नाही म्हणता आलं नाही. परीक्षेला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही. मी मागे बसले आणि लहानपणी पाठ केलेलं सगळं मनात म्हणायला लागले. बाईंनी गाडी चालू केली, चढाला लावली आणि बरोबर मध्यावर ती बंद पडली.

मागे तीन गाड्या होत्या. तिघांनी एकदम हॉर्न वाजवले. दादाचा पाय आपल्या ब्रेकवर गेला.

"पाय काढा, मास्तर," बाई म्हणाल्या. "ब्रेक माझा आहे."

त्यांनी हातब्रेक ओढला. चारही दिवे लुकलुकायला लावले. चावी फिरवली. गाडी पुन्हा बंद. मागचा एक जण खिडकीतून डोकं काढून ओरडला, "बाई, गाडी आहे का बैल?" बाईंनी काच खाली करून सांगितलं, "आणखी एक मिनिट लागेल," आणि पुन्हा तेच केलं. ब्रेक, दिवे, चावी. तिसऱ्या वेळी गाडी कुरकुरत वर आली. रस्त्याच्या कडेला घेऊन त्यांनी ती थांबवली.

दादा म्हणाला, "क्लच अजून वाईटच आहे."

"आहेच. म्हणून मी बिनगिअरची गाडी घेतली."

"पण तेव्हा रडायचीस."

"तेव्हा रडायचे. मग कामात रोज काही ना काही बंद पडताना बघितलं. आधी ब्रेक, मग दिवे, मग चावी, आणि मागच्या हॉर्नकडे लक्ष द्यायचं नाही. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही, मास्तर. तुम्ही शिकवलंत." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या लोण्याची गाडी तुमच्यासमोर कधी बंद पडलीय?"

दादाने एकतीस वर्षं मागे जाऊन पाहिलं. "नाही."

"मग बंद पडल्यावर तो काय करतो, ते तुम्हाला माहीतच नाही."

दादाने खिशातून हिरव्या पुडीची डबी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे मागे दिली. "ही तुझ्या झाडांना घाल," म्हणाला. मग बाईंना, "मंगळवारी जमेल?"

मंगळवारी ऑपरेशन झालं. छान झालं. (ती पूड मी झाडांना घातली नाही. झाडांनी माझं काय वाकडं केलंय?)

पण खरी शिकवणी त्यानंतर सुरू झाली. गाठीजवळच्या दोन-तीन ग्रंथींतही रोग सापडला होता, त्यामुळे सहा महिने दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध, असे बारा डोस घ्यायचे होते. दादाने विचारलं, "माझा निकाल काय?" बाई म्हणाल्या, तुमच्यासारख्या शंभर जणांत साधारण सत्तर जण पाच वर्षांनीही असतात.

"आमच्या स्कूलचा निकाल यापेक्षा बरा आहे," दादा म्हणाला.

"हा तुमचा निकाल नाही, मास्तर. आधीच्या बॅचचा आहे."

"आणि त्या तिसांचं काय चुकलं?"

मला वाटलं, बाई आता काहीतरी गोड बोलतील. पण त्या म्हणाल्या, "बऱ्याच जणांचं काहीच चुकलं नाही. त्यांनी सगळं नीट केलं, तरी गेले. पण काही जणांनी औषध अर्ध्यावर सोडलं. काही जणांनी त्रास लपवला, 'उद्या बघू' म्हणाले. रस्ता तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. हातात आहे ते एवढंच."

दादा हळूच म्हणाला, "अभ्यासक्रम सांगा."

अभ्यासक्रम कागदाच्या एका बाजूवर मावला. डोस चुकवायचा नाही. रोज अर्धा तास चालायचं. आणि ताप. या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. डोसनंतर आठ-दहा दिवसांनी सगळ्यात कमी. त्या वेळी साधा जंतूही माणसाला आडवा करू शकतो. म्हणून ताप शंभर पॉइंट चारला पोचला, किंवा हुडहुडी भरली, की लगेच फोन. मग मध्यरात्र का असेना. तापाची गोळी खाऊन काटा खाली आणायचा नाही आणि सकाळपर्यंत थांबायचं तर अजिबात नाही.

निघताना बाईंनी मला बाजूला घेऊन स्वतःचा नंबर दिला. "मास्तरांचं 'ठीक आहे' मला नको. तुम्ही कळवा. तुम्ही काळजी करणाऱ्या दिसता."

"दिसते का?"

"हा तुमचा अकरावा प्रश्न आहे."

घरी हे सांगितलं तेव्हा माझा नवरा म्हणाला, "वा! इतकी वर्षं बिनपगारी काळजी करत होतीस, आता रीतसर नेमणूक झाली."

डोसांचं दादाने मनावर घेतलं. चालण्याचं मात्र अवघड होतं. एकतीस वर्षांत हा माणूस गाडीच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत, याहून जास्त चाललेला नव्हता. पहिल्या दिवशी आठ मिनिटांत बाकावर बसला आणि म्हणाला, "इंजिन तापलं." मी रोज त्याच्याबरोबर जायला लागले. त्याला रस्त्यावर चालताच येत नव्हतं, म्हणजे चालणाऱ्यासारखं चालता येत नव्हतं. कडेने नाकासमोर चालायचा. वळायच्या आधी हात बाहेर काढायचा. काठी टेकत जाणारी एक म्हातारी मागून येऊन पुढे निघून गेली तेव्हा अंग चोरून तिला वाट दिली आणि मला म्हणाला, "जाऊ दे, घाईत आहे." रिकाम्या चौकात लाल सिग्नलला उभा राहायचा. मी शेजारून "चल, चल, भरभर" म्हणायचे आणि तो म्हणायचा, "आता कळलं मला, शेजारी बसलेला माणूस किती डोक्यात जातो."

एकदा मुलीने शिकाऊ गाडीवरची लाल 'एल'ची पाटी काढून त्याच्या शर्टाला मागून पिनेने लावली. सबंध फेरी त्याने तशीच मारली. लोक हसत होते. परत आल्यावर पाटी सापडली तेव्हा मला वाटलं, आता चिडणार. पण म्हणाला, "राहू दे. लोक आपणहून अंतर ठेवतात. जंतूही लांब राहतील." त्यानंतर पाटी रोज. गेल्या महिन्यापासून तो पस्तीस मिनिटं चालतो, आणि त्या म्हातारीला त्याने दोनदा मागे टाकलंय. दोन्ही वेळा हात दाखवून.

बाकीचे शिकाऊ त्याने सहा महिन्यांसाठी दुसऱ्या शाळेत पाठवले. ठेवली ती फक्त भाची. तिची लायसन्सची परीक्षा उद्या सकाळी दहाला आहे. आजवर त्याने एकाही विद्यार्थ्याची परीक्षा चुकवलेली नाही. मैदानाच्या भिंतीपाशी खिशात हात घालून उभा राहतो आणि आत कोणीही गाडी चालवत असो, याचा पाय बाहेर ब्रेक दाबत असतो.

आता माझं सांगते. नेमणूक झाल्यापासून मी बाईंना तीनदा फोन केला. एकदा दादाला उचक्या लागल्या म्हणून. एकदा तो ओळीने चार वेळा शिंकला म्हणून. आणि एकदा तो फोन उचलत नव्हता म्हणून; तेव्हा तो न्हाव्याकडे होता. बाई एकदाही रागावल्या नाहीत. पण न्हाव्याच्या दुकानात हॉस्पिटलचा माणूस चौकशीला आला तेव्हा दादाची अर्धी दाढी व्हायची होती, आणि दुकानात गिऱ्हाईकं होती. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग येऊन म्हणाला, "पुन्हा मला न विचारता चढबंदला फोन केलास, तर पोरीची शिकवणी बंद. लांडगा आला, लांडगा आला करून खरा येईल त्या दिवशी कोणी धावणार नाही." मी कबूल केलं. दुसरं काय करणार?

तर आजची गोष्ट. गाडीत बसल्या बसल्या दादा म्हणाला, "काच वर कर."

"मामा, उकडतंय किती!" मुलगी म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम गळत होता. दादाच्या अंगात स्वेटर होता.

"औषधाचा गुण आहे. थंड सोसत नाही."

हे खरं आहे. या औषधाचा तसा विचित्र गुण आहेच. डोसनंतर गार वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचतात, गार पाणी घशात काचेसारखं लागतं. त्यासाठी त्याने गिअरच्या दांड्याला माझ्या मुलीचा जुना लोकरी मोजा घातलाय. म्हणून मीही काही बोलले नाही. मग तो टेम्पो आला. मुलगी आरशात होती. मी मागून किंचाळले. दादाचा पाय जिथल्या तिथे राहिला. मुलीने शेवटच्या क्षणी स्वतःच ब्रेक दाबला.

"छान थांबवलीस," दादा म्हणाला.

छान! एकतीस वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून लोण्यासाठी एकदा निघाला असेल.

घरी आल्यावर मी विचारलं, "आज ताप बघितलास?"

"थर्मामीटरचा सेल गेलाय."

"माझ्याकडे आहे दुसरा. थांब, आणते."

"उद्या. दहाला परीक्षा, अकराला तुझा सेल."

"चालायला गेला होतास?"

"आज सुट्टी." आणि मुलीला म्हणाला, "आरसा, मला सोड गं खोलीवर." एरवी दोन गल्ल्यांचं ते अंतर तो हल्ली हट्टाने पायी जातो. पाटी लावून.

एवढं लिहून मी मगाशी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. फ्रीजवर कॅलेंडर आहे. डोसच्या दिवशी मी त्यावर लाल टिंब देते. शेवटच्या टिंबापासून बोटाने मोजलं. आज नववा दिवस.

थंड न सोसण्याचा गुण चार-पाच दिवस टिकतो. सहा डोस झालेत, सहाही वेळा पाचव्या दिवशी संपलाय. आणि कालच, माझ्या डोळ्यांदेखत, याच फ्रीजमधली गार पाण्याची बाटली काढून दादा ती गटागटा प्यायला होता. मी ओरडले तेव्हा म्हणाला, "संपला गं त्रास, आता पुढच्या डोसपर्यंत आपण राजे."

मग आज काच वर कशाला? स्वेटर कशाला?

ती औषधाची थंडी नव्हती. हुडहुडी होती. त्याला ते संध्याकाळीच कळलेलं होतं. सेल वगैरे काही गेलेला नाही. काटा खोटं बोलतोय म्हणणारा ड्रायव्हर कोण असतो, ते त्यानेच सगळ्या गावाला शिकवलंय. त्याला फक्त उद्या दहापर्यंत ओढायचंय. भिंतीपाशी उभं राहायचंय. 'घरापर्यंत जाईल.'

आधी त्यालाच फोन करावा असं मनात आलं. पण तो काय म्हणेल ते मला अक्षरन् अक्षर माहीत आहे. "ठीक आहे गं, झोप." आणि मी कदाचित झोपेनही. मला त्याचं ऐकायची सवय आहे. धाकटी बहीण आहे मी.

हा चौथा फोन खोट्या लांडग्याचा ठरला तर? ठरू दे. तिसऱ्यानंतर खरा लांडगा आला होता, तेव्हा चूक ओरडणाऱ्या पोराची होती म्हणतात. पण न धावलेल्या गावाचं काय, हे कोणी विचारत नाही. आणि या डॉक्टरबाई मागच्या हॉर्नला भिणाऱ्यातल्या नाहीत.

मुलीला आत्ताच उठवून आले. "मामाकडे जायचंय, आपल्या गाडीची चावी आण," एवढंच सांगितलं. ती डोळे चोळत म्हणाली, "आई, माझ्याकडे लायसन्स नाहीये." बरोबर आहे. नवऱ्याला उठवलं. तो काही न बोलता शर्ट घालतोय, म्हणजे माझा चेहरा बघून त्यालाही कळलं असावं.

दादा चिडणार. दोन दिवस नाही, दोन महिने बोलणार नाही. परीक्षा हुकली म्हणून हॉस्पिटलच्या पलंगावरून मला नावं ठेवेल, आणि माझंही एक कायमचं टोपणनाव पडेल. चिडू दे. चिडायलाही माणूस जागेवर लागतो.

आधी ब्रेक, मग दिवे, मग चावी. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर 'चढबंद' म्हणून आहे. लावते आहे.